रोल नंबर ३१ची चावी

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझ्यानंतर या खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांनो! महिनोन्‌महिने खपून काम तुम्ही केलंत आणि पहिल्या पानावर नाव भलत्याचंच छापलं गेलं, असं तुमच्यापैकी किती जणांचं झालंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. ही वही तुमच्यासाठी आहे.

आत्या म्हणते, ही पोरगी रोजनिशीसुद्धा माईक हातात धरून लिहिते. म्हणू दे. आठवीपासून मी वक्तृत्वाची बक्षिसं आणते आहे आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचते आहे. गप्प बसायचं शिक्षण तेवढं कुठे मिळालं नाही. आधीच्या कॉलेजात चार महिने एकटीने प्रोग्रॅम लिहिला. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी गटातल्या दोघांनी पासवर्ड बदलला, माझं नाव काढून टाकलं, आणि सरांनी मलाच विचारलं, तू लिहिलंस याला पुरावा काय? पुरावा नव्हता. यापुढे पुराव्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हे त्या दिवशी ठरलं.

आता नवं कॉलेज, नवं गाव, आणि मन अगदी हलकं. आत्याने वरची खोली दिली आहे. पलंग, टेबल, भिंतीतलं कपाट. खिडकीतून बसथांबा दिसतो, म्हणजे बस वळताना दिसली की जिना उतरायला लागायचं. आज पहिल्याच दिवशी अशी धावत गाठली आणि कंडक्टर हसला.

प्रवेश तात्पुरता आहे. विभागप्रमुख मॅडमनी सरळ सांगितलं: चोवीस तारखेला प्रोजेक्ट तपासणार, त्यात तुझ्या नावावर काम दिसलं तर प्रवेश पक्का, नाही तर सामान बांध. मी म्हटलं, तीन आठवडे पुष्कळ झाले.

लॅब तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. दाराला काच आहे. इथली एक पद्धत गमतीची वाटली. रोल नंबर विद्यार्थ्याचा नसतो, जागेचा असतो. जो पास होऊन जातो त्याचा नंबर, खुर्ची, ड्रॉवर आणि सर्व्हरवरचा फोल्डर, सगळं जसंच्या तसं नव्याच्या पदरात पडतं. मला ३१ मिळाला. खिडकीजवळची खुर्ची, सगळ्या लॅबमध्ये हिच्याइतका उजेड कुठे नाही. ही रिकामी कशी राहिली, असं लॅबच्या काकांना विचारलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, बस की, बसायला कोण नको म्हणतंय.

ड्रॉवरमध्ये सुकलेलं पेन, दोन रबरबँड आणि पानाचा फाटका तुकडा होता. त्यावर घाईत लिहिलेलं: नवी आलीस ना? मशीन विचारेल तेव्हा. बस, एवढंच. आधीची मुलगी कविता करत असावी. तुकडा या वहीत खुणेसाठी ठेवला आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गट तिघांचा आहे, मी चौथी. कॅप्टन म्हणून हाक मारतात तो पुढारी. तो सगळं काम एका पेनड्राइव्हवर घालून तो गळ्यात बांधून फिरतो. जाड चष्म्याचा ढापण्या, त्याला दर वाक्यावर विनोद सुचतो. आणि चिमणी, जिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत कसाबसा पोचतो.

प्रोजेक्ट हजेरीचा आहे. लॅबच्या दाराशी कार्ड दाखवायचं, यंत्र नंबर वाचतं, दार उघडतं, हजेरी लागते. पुढच्या सत्रापासून पूर्ण कॉलेजला हेच बसवणार, असं मॅडम म्हणतात. म्हणजे काम खरं आहे.

आणि त्या कामाची अवस्था! फोल्डरचं नाव 'फायनल'. शेजारी 'फायनल नवं'. त्याच्या शेजारी 'फायनल आता शपथ'. कुणी काय, कधी बदललं याचा पत्ता नाही. सर्व्हरचा पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला. मी विचारलं, कुणी आत शिरून सगळं पुसलं तर? कॅप्टन म्हणाला, आमच्यात कुणी चोर नाही, तुझ्या जुन्या कॉलेजचं तू बघ.

मग माझ्यातला वक्ता उठला. मी उभी राहून बोलले, चांगली वीस मिनिटं. म्हटलं, प्रत्येकाचं काम त्याच्याच नावावर राहिलं पाहिजे, आणि ते राहतं भरवशाने नाही, व्यवस्थेने. तीन नियम मांडले. एक, पासवर्ड बंद; प्रत्येकाची स्वतःची चावी, एका नंबराला एकच चावी. दोन, प्रत्येक बदलाची नोंद नाव आणि वेळेसकट इतिहासात जाईल, आणि गेलेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही. तीन, कुणाचीही चावी यादीतून बाकीच्यांना काढता येणार नाही. ज्याची त्यानेच, स्वतःच्या चावीने आत येऊन काढायची. माझ्याबरोबर जे झालं ते इथे कुणाबरोबर होणार नाही. शेवटी म्हटलं, माणसाचा चेहरा बघू नका, चावी बघा!

ढापण्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. म्हणाला, सभा संपली असेल तर सभापतींनी फळा पुसावा. तेव्हापासून माझं नाव सभा.

फळा मी पुसला. नियम मात्र पास झाले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज चाव्या बनवल्या. पुढच्यांसाठी नीट लिहून ठेवते.

मशीनला एक हुकूम दिला की ते दोन फाइल बनवतं. एक कुलूप, ते सर्व्हरच्या यादीत टांगायचं. दुसरी चावी, ती आपल्या फोल्डरमध्ये, कुणाला न दाखवता. सर्व्हर ना चेहरा ओळखतो ना आवाज. कुलपाला चावी बसली की माणूस आत.

तिघांच्या चाव्या मिनिटात झाल्या. माझी पाळी आली तेव्हा मशीनने विचारलं: या नावाची फाइल आधीच आहे. तिच्यावर लिहू का? हो की नाही?

उघडून बघितलं. ३१ नंबरच्या फोल्डरमध्ये आधीच्या मुलीची चावी आणि कुलूप तशीच होती, गेल्या वर्षी १३ फेब्रुवारीला बनवलेली. हो म्हटलं असतं तर ती कायमची गेली असती. माझा हात थांबला. कुणाचं तरी पुसून त्यावर आपलं उभारायचं, हेच तर माझ्याशी केलं गेलं होतं. आणि चावी चालू होती, मग वाया का घालवायची? मी नाही म्हटलं. तेच कुलूप यादीत टांगलं, तीच चावी माझी म्हणून वापरली. चटकन बसली.

मी आजपर्यंत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात लिहिलंय की दुसऱ्याची चावी वापरू नये. पण ती दुसरी आता होती कुठे?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काम जोरात आहे. दाराचा एक भाग माझ्याकडे आला आहे: प्रॉक्सी रोखायची. इथे एकाचं कार्ड घेऊन दुसरा हजेरी लावतो आणि तिसरा कँटीनमध्ये बसतो. माझा नियम सोपा: नंबर एकदा आत गेला की तो बाहेर पडेपर्यंत त्याच नंबराला दार पुन्हा उघडणार नाही. एका नंबराचे दोघे एका वेळी आत असूच शकत नाहीत. ढापण्याने माझं कार्ड घेऊन प्रयत्न केला. दारावरच्या छोट्या पडद्याने सांगितलं, रोल नंबर ३१ आत आहेत. ढापण्या म्हणाला, आता दारसुद्धा भाषण द्यायला लागलं. कॅप्टनही हसला, पण माझ्याकडे न बघता.

इतिहासात आज माझ्या अकरा नोंदी दिसल्या. मला आठवतात त्या दहा. अकरावी चार वाजून दहा मिनिटांची. त्या वेळी मी बसमध्ये उभी होते, दांडा धरून. नोंदीत माझीच एक चूक दुरुस्त केलेली आहे, आणि माझ्यापेक्षा चांगली.

दमल्यावर माणूस करतो आणि विसरतो. असेल.

सोमवार, १० फेब्रुवारी

कॅप्टन आल्या आल्या अंगावर आला. त्याने दोन आठवडे घासून लिहिलेला अख्खा भाग कुणीतरी उलटून टाकला होता आणि नोंदीखाली शेरा होता: नीट लिहायला शिक. नाव माझं. वेळ रविवार, दुपारी बारा. रविवारी बाराला मी आत्याच्या पडद्यांना कड्या लावत होते.

मी शपथेवर सांगितलं, मी नाही. तो म्हणाला, तुझ्या शपथेला कोण विचारतं? चेहरा बघू नका, चावी बघा. कोण बोललं होतं हे? चावी तुझी आहे. मग तू आहेस.

माझेच शब्द. माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट. ढापण्या पोट धरून हसला.

चिमणीने हळूच विचारलं, चावी आणखी कुणाकडे आहे का? मी नाही म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. लाज वाटली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आता रोजच्या नोंदी येतात. मी बसमध्ये असताना, जेवताना, चिमणीशी बोलताना. माझ्या नावाच्या, मी न केलेल्या, आणि सगळ्या उत्तम. शेरे मात्र सुईसारखे. ढापण्याच्या भागाखाली: विनोद चालेल, आधी प्रोग्रॅम चालू दे. चिमणीच्या भागाखाली: हिला कशाला घेतलं? चिमणीने खुर्ची उचलून भिंतीकडे नेली.

मॅडमकडे गेले. खरं ते सांगितलं: चावी जुनी आहे, आधीच्या मुलीकडे तिची प्रत असावी, ती बाहेरून शिरते आहे. मॅडमनी इतिहास उघडला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, काम तर झकास चाललंय, तक्रार कसली करतेस? काम केल्याचीच तक्रार? गेल्या वर्षीच्या ३१बद्दल विचारलं. ती पहिल्या वर्गात पास झाली, दूरच्या शहरात मोठ्या नोकरीला लागली, तिला तुमच्या हजेरीत डोकं घालायला वेळ आहे होय, म्हणाल्या. मग चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, सुरुवातीला तीही अशीच फार बोलायची. नंतर निवळली.

निघताना लॅबच्या काकांना विचारलं. त्यांनी आधी कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे बघितलं. म्हणाले, शेवटी शेवटी ती पोरगी मला आत खुर्चीवरही दिसायची आणि बाहेर काचेशी उभी असलेलीही दिसायची. एकाच वेळी. बाकीच्यांना आतलीच दिसायची. माझे डोळे गेले असतील म्हणून मोतीबिंदू तपासून आलो. डोळे चांगले निघाले.

मला हसू यायला हवं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पुरे झालं. जुनी चावी मोडायची. सकाळी बसल्या बसल्या मशीनला हुकूम दिला. त्याने विचारलं, आधीच आहे, लिहू का? मी हो म्हटलं. जुनी चावी फोल्डरमधून गेली, नवी आली. हात झटकले.

आणि सर्व्हरने मला बाहेर काढलं.

साहजिकच. यादीत टांगलेलं कुलूप जुनं. माझ्याकडची चावी नवी. जुन्या चावीची प्रत ज्या कुणाकडे आहे, ती आत. मी बाहेर. ही चूक नवशिक्याने करावी, मी नाही.

कॅप्टनला म्हटलं, माझं नवं कुलूप यादीत टांग. तो म्हणाला, एका नंबराला एकच चावी, तुझा नियम पहिला. मग जुनं काढ. ज्याची चावी त्यानेच आत येऊन काढायची, तुझा नियम तिसरा. काय करू, सभा, तूच सांग, तू तर घटनाच लिहिलीस! मी आवाज चढवला. मी म्हटलं, मी ३१ आहे, तुमच्यासमोर उभी आहे. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नुकतीच आलेली नोंद होती. दहा वाजून बावीस मिनिटं. नाव माझं. शेरा:

नव्या चावीची गरज नाही. आम्ही इथेच आहोत.

घड्याळात दहा बावीसच झाले होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी दाराशी कार्ड धरलं. पडद्यावर आलं: रोल नंबर ३१ आत आहेत.

काचेतून बघितलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. पण मशीन चालू होतं आणि पडद्यावर ओळी उमटत होत्या, एकेक अक्षर करत, न थांबता. पलीकडे ढापण्या बसला होता. तो त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून काहीतरी बोलला आणि हसला. मग उत्तर ऐकल्यासारखा आणखी हसला.

मी काच वाजवली. त्याने बघितलं. बाहेरच्या भिंतीकडे बघावं तसं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारीच घरी परतले. आत्या भाजी निवडत होती. दचकली. म्हणाली, अगं, आत्ता तर वर गेलीस! जेवून, ताट विसळून. आणि किती दिवसांनी नीट बोललीस गं, भाषण न देता. अशीच राहा.

वर टक टक चालू होती. कीबोर्डची.

जिना चढले. तेरा पायऱ्या आहेत. मी वर पोचेपर्यंत आवाज चालू होता, दाराला हात लावला तेव्हा थांबला. खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीची बैठक ऊबदार होती. लॅपटॉप उघडा. फोल्डरमध्ये माझ्या जुन्या नोंदी, अगदी पहिल्या दहासुद्धा. प्रत्येकीखाली नवा शेरा आला होता: ही माझी.

खाली आत्या गुणगुणत होती. माझ्यासाठी ती कधी गुणगुणली नव्हती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज खुर्चीवर बसलेली दिसली.

पाठमोरी. माझा निळा सदरा, जो मी अंगात घातला होता. माझी वेणी. मानेजवळ तीळ आहे की नाही ते दुरून कळलं नाही. तिच्या बाजूला कॅप्टन, ढापण्या, आणि चिमणीसुद्धा, खुर्ची परत जवळ आणून. ती काहीतरी सांगत होती. हळू, थोडक्यात. सगळे ऐकत होते. मी दोन आठवडे ओरडले आणि यांच्यापैकी एकाने कधी असं ऐकलं नाही.

मी काचेवर दोन्ही हात मारले. आवाज आला नाही. हात दुखले, पण आवाज —

तिने मान वळवली. अर्धीच. मी पळाले. व्यासपीठावर कधी न डगमगलेली मी, तीन मजले धावत उतरले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कार्ड: हा नंबर ओळखीचा नाही.

फोन समोर धरला, तोंड पुसून धरला, उजेडात धरला. फोन म्हणाला: चेहरा ओळखता आला नाही.

आत्याने साखळी लावून दार किलकिलं केलं. कोण हवंय, विचारलं. मी म्हटलं, आत्या, मी. लहानपणीचं सांगितलं, पाटीवर दात पडला होता ते. तिचा चेहरा क्षणभर हलला. मग आतून, माझ्याच आवाजात, कुणीतरी विचारलं, आत्या, कोण आहे गं?

कुणी नाही गं, असं आत्या म्हणाली. दार लावलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बस माझ्यासाठी थांबत नाही. चालत आले. मॅडमसमोर उभी राहून अख्खं भाषण केलं, पुराव्यासकट. त्या मधूनच उठल्या, खिडकी लावली. वारा फार आहे, म्हणाल्या.

इतिहास पुसता येत नाही. कुणाची चावी काढता येत नाही. एका नंबराचे दोघे आत असू शकत नाहीत. भोकं कुठेच ठेवली नाहीत मी. एकही नाही. भिंत इतकी चांगली बांधली की —

फक्त काका बघतात. ते रडले. म्हणाले, पोरी, पुन्हा नको गं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. दुपार, एक वाजून दहा

काकांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडून दिलं. सगळे जेवायला गेलेत. ती पावणेदोनला येईल. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर आहे. कीबोर्ड माझी बोटं घेत नाही. पेन अजून घेतं.

आता समजलं. ३१ नंबरच्या फोल्डरमध्ये आत्ता जी चावी आहे, ती माझी. मी तेराला बनवलेली, कुठेच न टांगलेली. जशी गेल्या वर्षी तेराला आधीच्या मुलीने बनवलेली तिची होती. तीही खुर्चीवरून उठवली गेली होती. तिनेही उशिरा हो म्हटलं. मग ती इथे पडून राहिली, वर्षभर, कुणीतरी येऊन तिचं कुलूप टांगेपर्यंत. ते मी टांगलं. दयेने. तत्त्वाने!

सोमवारी मॅडम तपासतील. ३१चा प्रवेश पक्का होईल. ती पास होऊन जाईल, नोकरीला, दूरच्या शहरात. खुर्ची रिकामी होईल. मग नवी येईल.

तो तुकडा पुन्हा वाचला. नवी आलीस ना? मशीन विचारेल तेव्हा. ती सावध करत होती. ती चांगली होती. वाक्य पुरं होण्याआधी तिचं मन फिरलं. कुणी हात धरला नव्हता तिचा.

एक वीस

माझंही फिरतंय.

नवी मुलगी अजून आलेलीही नाही आणि मला तिचा राग येतो. तिला आवाज असेल. आत्या असेल तिलाही कुणी. बस थांबेल. मी फक्त पडून राहायचं, वर्षभर, आणि तिने नाही म्हणायचं. चांगल्या घरची असेल तर नाहीच म्हणेल. कुणाचं पुसणार नाही. मग मी —

नाही. माझं काम चोरलं गेलं. मी कुणाचं चोरणार नाही. हे मी मोठ्याने बोलले. लॅबमध्ये ऐकू आलं नाही. पण बोलले.

वही ड्रॉवरमध्ये ठेवते. काका ती फेकणार नाहीत, तसं त्यांनी कबूल केलंय.

एक बत्तीस

जिन्यावर हसणं. चौघांचं. हात जड झालाय, 'हो' लिहायचं म्हटलं की 'ना' उमटतं. तीनदा खोडलं.

ऐक. ३१ नंबर तुझा आहे. खुर्ची तुझी आहे. पहिल्याच दिवशी, चावी बनवताना, काहीही टांगण्याआधी, मशीन विचारेल, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? त्या फाइलमध्ये मी आहे. मला जपू नकोस. दया येईल, येऊ दे, हात थांबवू नकोस. माझं कुठलंही भाषण आठवू नकोस. दार वाजलं — ऐक, मशीन विचारेल तेव्हा हो म्ह